कूलर खाली कोणी आणला?

पत्र : आम्ही नागपूरच्या सदरमध्ये राहतो. हे डॉक्टर, मी नर्स. गेल्या जूनमध्ये आमच्या चर्चमधल्या ओळखीतून आफ्रिकेतल्या मलावी देशात, तिथल्या चर्चच्या एका दवाखान्यात वर्षभराच्या सेवेसाठी गेलो, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. पावसाळ्यात मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं, मलेरियाने पांढरी पडलेली. लाइट कधी जाईल नेम नाही. मे महिन्यात रात्री स्वेटर घालून राउंड घेतलेत. या जूनमध्ये परतलो, तर घर आमचं राहिलंच नव्हतं. सासूबाईंनी (वय ७१) वरची आमची खोली नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींना भाड्याने दिली आहे. आमचा कूलरसुद्धा न विचारता खाली आणून हॉलमध्ये लावला. परीक्षा होईपर्यंत मुलींना काढणार नाही म्हणतात. आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. चर्चमध्ये आमचा सत्कार झाला, फोटो दाखवले, त्यालाही त्या आल्या नाहीत. तिकडून दर रविवारी फोन करायचो, तेव्हा तर 'सगळं ठीक' म्हणायच्या. आता त्या दवाखान्याने तीन वर्षांसाठी बोलावलंय. घरात अशी वागणूक मिळणार असेल, तर जाऊन टाकावं का?
– सदरची सून

उत्तर :

सूनबाई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कूलरपाशी अडले. तुम्ही तो तक्रारींच्या यादीत एका ओळीत उरकलाय. मला मात्र त्याच्यापुढे जाता येईना. वरच्या मजल्यावरचा कूलर खाली आला कसा?

नागपूरचा कूलर म्हणजे टेबलफॅन नव्हे. पत्र्याचं ते धूड जिन्यावरून उतरवायला दोन धडधाकट माणसं लागतात. एक उलट्या पावलांनी उतरतो आणि दुसरा वरून 'सांभाळून, सांभाळून' ओरडत राहतो. त्याआधी ताट्या काढायच्या, त्यातलं काळं पडलेलं गवत झटकायचं, म्हणजे अर्धा तास खोकला. पंपाला चिकटलेला खार खरवडायचा. मग स्टँडवर चढवून खिडकीला नीट टेकवायचा, आणि पुढे अडीच महिने रोज पाइप लावून टाकी भरायची. तुमच्या घरी हे सगळं आजवर कोण करत होतं? डॉक्टरसाहेबच ना? आणि ते तर मलावीत होते, स्वेटर घालून. इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास होता.

एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातून तो कूलर वीतभरही सरकत नाही. म्हणजे तो त्या मुलींनी उतरवला. आणि वरची खोली मुलींची असताना कूलर खाली हॉलमध्ये लागला, म्हणजे तो सासूबाईंसाठीच लागला. भाडेकरू पोरींनी आपल्या डोक्यावरचा गारवा म्हातारीच्या उशाशी आणून ठेवला. तुम्ही त्यात 'न विचारता' एवढंच वाचलंत.

आणि विचारायचं कोणाला, कधी? रविवारच्या फोनवर? तुम्ही नुकत्या वॉर्डातून आलेल्या, एका खाटेवर दोन लेकरं होती, एखादं सकाळी गेलं होतं. अशा वेळी 'बाई, इथे उकाड्याने झोप नाही, कूलरचं काय करू?' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तुमचं काम खरोखर मोठं होतं, त्यात वाद नाही. पण घरातला एक जण देवाच्या कामाला लागला, की बाकीच्यांना स्वतःचं दुखणं सांगायची लाज वाटायला लागते. माझा भाऊ सैन्यात होता. आई त्याला फोनवर 'मले काय धाड भरली?' म्हणायची. म्हणाली तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

तुम्ही ज्या दवाखान्यात राबलात, तिथली पद्धत आठवा. नर्सेस कमी, म्हणून प्रत्येक पेशंटसोबत घरचं माणूस राहायला येतं. गार्डियन म्हणतात त्यांना. आवारातच चूल पेटवून मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवतात, पेशंटला पुसतात, भरवतात. त्यांच्याशिवाय तिथला वॉर्ड चालणार नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. सासूबाईंनी दुसरं काय केलं? स्वतःसाठी गार्डियन शोधले. दोन. तेही नर्सिंगचे. आणि वर त्यांच्याकडून भाडंही घेतलं! मला तर ही बाई फार आवडली.

खोली गेल्याचं दुःख नाहीये तुम्हाला, माफ करा. तुम्ही परत याल तेव्हा घर तुमच्या आकाराचं रिकामं, वाट पाहत बसलेलं असेल असं तुम्ही धरून चालला होतात. ते वर्षभर चालतं राहिलं, याचा राग आलाय.

हे आपल्या गावाला नवीन नाही म्हणा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले, १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडाले. स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चने त्यांना इथे पाठवलं, त्याच चर्चने १८७५ मध्ये मलावीत लिव्हिंगस्टोनिया मिशन काढलं. म्हणजे तुम्ही गेलात ती वाट जुनीच. हिस्लॉपसाहेबांच्या नावाचं कॉलेज आपण रोज पाहतो. स्कॉटलंडात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी थंडीत कोळसा कोणाकडून आणवला, हे मात्र कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तुमच्या सत्काराच्या फोटोंतही सासूबाई नव्हत्याच. न येऊन त्यांनी काय चुकवलं?

तीन वर्षांच्या बोलावण्याला मी आज हो-नाही काही म्हणणार नाही. जायचं तर तिथल्या लेकरांसाठी जा. रुसून जायला मलावी म्हणजे माहेर नव्हे. त्या मुलींना परीक्षेआधी काढायचा विषयही काढू नका.

तुम्हाला करायचंय ते एकच. मलावीत सकाळी कोणी भेटलं, की पहिलं 'म्वाद्झुका ब्वांजी?' होतं. कसे उठलात? समोरचा सांगतो आणि उलट विचारतो, 'काया इनु?' आणि तुम्ही? हे झाल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नाही. वॉर्डातल्या अनोळखी आयांना तुम्ही हे वर्षभर रोज विचारलं असणार. घरी परतल्यावर सासूबाईंना एकदा तरी विचारलंत? अख्ख्या पत्रात त्यांच्या वर्षाबद्दल तुम्हाला माहीत असलेली एकही गोष्ट नाही.

तेव्हा उद्या मुली कॉलेजला गेल्या, की चहा घेऊन हॉलमध्ये बसा. डॉक्टरांनाही बसवा. आणि विचारा, 'आई, हा कूलर खाली कसा आणला हो?' त्या 'आणला बाप्पा कसातरी' म्हणतील. उठायचं नाही. पुन्हा विचारायचं. मग गवत कोणी आणलं ते निघेल, जिन्यात कोणाचं बोट चेमटलं ते निघेल, पहिल्यांदा दारावर 'आजी, खोली आहे का?' कोणी विचारलं ते निघेल. कदाचित एखादी रात्र निघेल, जी तुम्हाला फोनवर सांगितलीच नव्हती. मध्येच 'आमच्याकडे तर लाइटच नसायची' असं म्हणायचं नाही. तुमची गोष्ट साऱ्या चर्चने ऐकली आहे.

ऐकून झालं की डॉक्टरांना टाकी उपसायला लावा. पावसाळा लागला, कूलर पुसून झाकून ठेवायची वेळ झाली. पण तो वर नेऊ नका. खालीच राहू द्या.