चार महिने बंद असलेला संगणक: अँटीव्हायरस मागचे सगळे अपडेट एकेक करून घेतो का?

नाही. वर्तमानपत्रांचा साचलेला गठ्ठा वाचावा तसं ते नसतं. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं बोलायचं तर त्याच्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, दिवसातून कितीतरी वेळा बदलतात. संगणक रोज नेटवर असेल तर फक्त फरकापुरती छोटी फाइल येते. चार महिन्यांचा खंड पडला की तो फरक जुळवण्यात अर्थ नसतो. मग अख्खा ताजा संच एकदम उतरतो. तो 100 एमबीच्या वर जातो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा बघून घ्या.

आपोआप होईल म्हणून वाट बघत बसू नका. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन अपडेट्सखाली 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. तिथेच शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. ती आजची झाली की पूर्ण स्कॅन लावा. तोवर मेलमधल्या फायली आणि कुणाचे पेनड्राइव्ह लांबच ठेवा.

अपडेट अडकलाच तर आधी घड्याळ बघा! आमच्या गावच्या डेस्कटॉपवर मी तासभर डोकं आपटलं. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) बटण सेल संपला होता आणि तारीख थेट 2015 वर गेली होती. तारीख चुकली की अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे तो खरा असल्याचा पुरावा, संगणकाला पटत नाही आणि जोडणीच होत नाही. तारीख नीट केली, अपडेट लगेच सुरू. सेल मात्र बदलाच, नाहीतर पुढच्या सुट्टीत हाच खेळ पुन्हा.