रिफंडसाठी फोन करत बसू नका, आधी तारीख शोधा

सांगलीहून पुण्याला राहायला आलेल्या एका वाचकांचं पत्र आहे. नव्या इमारतीत कंपनीची फायबर लाइन नव्हती, म्हणून त्यांनी ब्रॉडबँड बंद केलं. राउटरचं डिपॉझिट आणि वार्षिक प्लॅनचे उरलेले पैसे मिळून साडेचार हजार रुपये अडकले. कस्टमर केअर ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतं आणि तक्रार ‘क्लोज’ करतं. आता कंपनीने कळवलंय की टेलिकॉमचा वाद ग्राहक आयोगात चालत नाही. ‘बंद करून दोनेक वर्षं होत आली,’ असं ते लिहितात. अशी पत्रं सारखी येतात.

पैसे तुमचेच आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. सगळं अडलंय ते त्या ‘दोनेक वर्षां’वर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही कॉल सेंटरमधल्या चार जणांची नावं लिहिलीत, पण कनेक्शन बंद केल्याची तारीख लिहिली नाहीत! राउटर परत दिल्याची पोच, कनेक्शन बंद झाल्याचा एसएमएस, बँकेचं स्टेटमेंट, यातून ती आजच काढा. कंपनीने रिफंडसाठी दिलेली मुदत संपली तिथून दोन वर्षं मोजा, असं म्हणता येईल; पण त्यावर विसंबू नका. सगळ्यात आधीची तारीख धरून चाला.

दर महिन्याला फोन केला, मेल धाडला म्हणून मुदत वाढत नाही. याच समजुतीत कितीतरी लोकांचे खरे दावे गेलेत. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ‘ते देतो देतो म्हणत होते’ हे आयोगाला पटेलच, याची हमी मी देणार नाही. कंपनी गप्प बसली तरी मुदत आयोगाने स्वतः तपासायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय.

कंपनीचं उत्तर मात्र साफ चुकीचं आहे. टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७ब मध्ये लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर पंचाकडून निवाडा करून घ्यायची तरतूद होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या कृष्णन निकालाने त्या आधारे ग्राहक मंचाचा, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचा रस्ता बंद केला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाचं अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता मोकळा केला. २०१९ च्या कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येत टेलिकॉम नावानिशी आहे. तरीही सामान्य माणसाला जुना निकाल दाखवून परत पाठवलं जातं, याची चीड येते.

ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला लिहू का, असं विचारलंय. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक आयोगात चालू शकणारी वैयक्तिक तक्रार टीडीसॅट या दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणापुढेही चालत नाही. कंपनीच्या अपील प्राधिकरणाने अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो, पण अपील करायची मुदत ३० दिवसांची, आणि तुमच्याकडे तक्रारीचा डॉकेट नंबरसुद्धा नाही. साडेचार हजारांसाठी कोण आयोगात जाणार, हा कंपन्यांचा हिशेब यावरच चालतो. कनेक्शन बंद झाल्याच्या एसएमएसमध्येच रिफंडची रक्कम आणि तारीख देणं ट्रायने सक्तीचं करायला हवं.

तक्रारीसाठी सांगलीला जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात ती चालते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही लागत नाही. मनस्तापाची भरपाई किती मिळेल, सांगता येत नाही. निकालाला कायद्याने तीन महिने दिलेत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा.

आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायद्यात नाही. दोन वर्षं पुरी व्हायला महिनाही उरला नसेल तर नोटिशीच्या उत्तराची वाट बघू नका, थेट तक्रार दाखल करा.