नर्सिंगची जागा अडवून ठेवण्यासाठी नसते

देवगड तालुक्यातील एका वडिलांच्या पत्राचा आशय असा : मुलीला बारावी विज्ञान शाखेत ६१ टक्के गुण आहेत. नीट दोनदा दिली, परंतु एमबीबीएससाठी पुरतील इतके गुण मिळाले नाहीत. आजी ओरोसच्या रुग्णालयात असताना मुलगी तिच्याजवळ राहिली होती आणि तेव्हापासून बी.एस्सी. नर्सिंगला जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. घरात आजवर कोणी नर्स झालेले नाही आणि नातेवाईक काय म्हणतील, याची चिंता आहे. म्हणून वडिलांनी असा तोडगा काढला आहे की, वर्ष वाया जाऊ नये यासाठी तिने सध्या नर्सिंगला प्रवेश घ्यावा, पहिले सत्र हलकेच असल्यामुळे होस्टेलवर राहून नीटचा अभ्यास करावा आणि परीक्षा तिसऱ्यांदा द्यावी. या दोन्ही गोष्टी सांभाळण्याचे वेळापत्रक त्यांना हवे आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण मागितलेले वेळापत्रक मी देणार नाही, कारण ते पाळणे आपल्या मुलीला शक्य होणार नाही आणि ते पाळता आले नाही याचा दोष शेवटी तिच्याच माथी मारला जाईल. मला आपल्या मुलीच्या गुणांची चिंता वाटली नाही. चिंता वाटली ती याची, की एवढ्या सविस्तर पत्रात तिच्या निर्णयाला आपण हट्ट म्हटले आहे आणि आपल्या निर्णयाला मार्ग. आजारी आजीजवळ रुग्णालयात दिवस काढल्यानंतर, वॉर्डमधील काम जवळून पाहिल्यानंतर, एखादी मुलगी ‘मला हेच करायचे आहे’ असे म्हणत असेल, तर तो निर्णय निकाल लागल्यावर घाईघाईने शोधलेल्या पर्यायापेक्षा कितीतरी पक्का असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना, आपण निवडलेले काम प्रत्यक्षात कसे चालते, हे ठाऊकच नसते. आपल्या मुलीला ते ठाऊक आहे. तिने तिथे नेमके काय पाहिले, हे आपण तिला एकदा तरी विचारले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही.

नातेवाइकांविषयी स्पष्टच लिहितो. जे नातेवाईक आज नाके मुरडतील, तेच उद्या घरात कोणाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली की प्रथम तिला फोन करतील. विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाने उपचार करण्याची पद्धत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्याच कोकणात, महाडच्या परिसरात रुजवली आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. परंतु औषध दिल्यानंतर तो रुग्ण रात्रभर कोणाच्या नजरेखाली असतो, याचा विचार करा. रक्तदाब किती आहे, नाडी कशी चालली आहे, हातपाय गार पडले आहेत की ऊब येऊ लागली आहे, घाम थांबला का, श्वास लागतो आहे का, हे पुन्हा पुन्हा पाहून लिहून ठेवणारी आणि काही बिघडताच डॉक्टरांना बोलावणारी व्यक्ती नर्स असते. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे आणि लेप्टोच्या तापाचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण येऊ लागले की आपल्याकडील रुग्णालये कोणाच्या पायांवर उभी असतात, हे आपल्या मुलीने कदाचित पाहिले असेल. अशा कामाला कमीपणा मानून आपण तिला त्यात पाठवाल, तर ती तिथे मान खाली घालून वावरेल आणि त्याचा परिणाम तिच्या शिकण्यावर होईल.

आता आपल्या मूळ गैरसमजाकडे येतो. पहिले सत्र हलके असते, हे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर त्याने चार वर्षांच्या या अभ्यासक्रमाची वेळापत्रिका पाहिलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारित अभ्यासक्रम आणला आणि तेव्हापासून बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांत शिकवले जाते. पहिल्याच सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादात्मक इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग इतके विषय असतात. त्यांपैकी एकट्या नर्सिंग फाउंडेशनला १२० तास वर्गातले, ८० तास स्किल लॅबमधले, म्हणजे सरावाच्या प्रयोगशाळेतले, आणि १६० तास प्रत्यक्ष रुग्णालयातले आहेत. परीक्षेला बसण्यासाठी किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि इंग्रजी वगळता या विषयांना उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात, म्हणजे बारावीच्या ३५ गुणांचा हिशेब येथे चालत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, रात्री प्रोसिजर लिहून काढणे आणि दुसऱ्या दिवशीच्या डेमोची तयारी, असा तो दिवस असतो. त्यात नीट साधारणपणे मे महिन्यात, ऐन दुसऱ्या सत्रात येते. हाडांची नावे दोन्हीकडे आहेत म्हणून अभ्यास एकच होतो, असेही समजू नका. नीटला भौतिकशास्त्राची गणिते सोडवावी लागतात आणि वॉर्डमध्ये सत्तर वर्षांच्या आजोबांना संकोच वाटू न देता अंथरुणातच अंग पुसून द्यावे लागते. ज्या मुलीचे मन मे महिन्यातल्या परीक्षेत अडकले आहे, तिला त्या आजोबांच्या पाठीवर लाल होऊ लागलेली जागा दिसणार नाही, आणि बेडसोरची, म्हणजे अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथूनच होते.

आणखी एक गोष्ट आपल्या तोडग्यात सुटली आहे. मुलीने वर्ष अर्धवट सोडले, तर त्या जागेवर जिला यायचे होते ती दुसरी मुलगी तोवर घरी बसलेली असते. मला हे योग्य वाटत नाही.

तेव्हा आधी एकच प्रश्न सोडवा आणि तो मुलीच्या तोंडून सोडवा. तिला स्वतःला तिसऱ्यांदा नीट द्यायची असेल, तर तिने एक वर्ष फक्त तेच करावे. नसेल, तर नीट हा विषय घरात पूर्ण बंद करावा. आपल्या पत्रावरून मला दुसरी शक्यता खरी वाटते.

प्रवेशाचे मार्ग सर्वपरिचित आहेत : बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते, तीत विज्ञान विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगविषयक कल यांवरही प्रश्न येतात. तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम हा दुसरा रस्ता आहे आणि तो पूर्ण करून पुढे पोस्ट बेसिक, म्हणजे पदविकेनंतरची नर्सिंगची पदवी घेता येते. महाविद्यालय निवडताना इमारतीचे फोटो पाहू नका. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेची मान्यता तपासा, आणि विद्यार्थिनींना पोस्टिंगसाठी कोणत्या रुग्णालयात नेतात, तिथे किती खाटा भरलेल्या असतात, हे तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. रिकाम्या वॉर्डमध्ये काही शिकता येत नाही.

पुढचा मजकूर मुलीला वाचायला द्या.

पहिल्या काही आठवड्यांत तुला घरी परत जावेसे वाटेल. वॉर्डमधल्या वासाने मळमळेल, उभे राहून पाय सुजतील, एखाद्या वेळी ड्रेसिंग पाहताना चक्करही येईल. त्यावरून ‘हे माझे काम नव्हे’ असा निष्कर्ष काढू नकोस. ड्यूटीला उपाशीपोटी कधी जाऊ नकोस आणि चक्कर येते आहे असे वाटले तर लाज न बाळगता खाली बस. चादरीचे कोपरे दुमडणे, हात धुण्याच्या पायऱ्या, पूर्ण एक मिनिट नाडी मोजणे या गोष्टी क्षुल्लक वाटतील. सुरकुती राहिलेली चादर दिवसभर पडून असलेल्या रुग्णाच्या कातडीला घासते, हे एकदा पाहिलेस की तसे वाटणार नाही. शाळा मराठी माध्यमाची असेल, तर उत्तरे इंग्रजीत लिहिताना अडेल. रोज शरीररचनेचे एक उत्तर, आकृतीसह, वहीत स्वतःच्या हाताने लिही. पाठांतराने आलेले वाक्य परीक्षेत हातातून निसटते, लिहून झालेले राहते. रक्तदाब नीट ऐकू आला नाही, तर अंदाजाने आकडा कधीही लिहू नकोस. पुन्हा मोज किंवा सिस्टरना बोलाव. ओरडा बसला तरी चालेल.

आता पुन्हा आपल्यासाठी. फोनवर रडली तर ‘ये घरी’ असे लगेच म्हणू नका आणि ‘तूच निवडलेस’ असेही म्हणू नका. जेवलीस का, झोप झाली का, आज वॉर्डमध्ये काय केलेस, एवढे विचारा. रडणे महिनाभर थांबलेच नाही, खाणे-झोपणे सुटले, तर मात्र स्वतः जाऊन तिला आणि तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा. गणपतीचे सर्व दिवस आणि शिमग्याला पालखी घरी येईपर्यंत तिने राहिलेच पाहिजे, असा आग्रह धरू नका. ८० टक्क्यांचा हिशेब अशा सुट्ट्यांतच चुकतो.

महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना तिच्याशेजारी बसा. वर्षाचा किती खर्च आपल्याला झेपेल, हा आकडा तिला आधीच मोकळेपणाने सांगा आणि त्या आकड्यात बसणाऱ्या महाविद्यालयांचा क्रम, घरापासूनच्या अंतरासह, तिचा तिला ठरवू द्या.