प्रार्थनेचा विषय की चहाडी?

अगं, आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन आहेस म्हणून आधीच सांगते. चहाडी आपल्याकडे बहुधा ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून येते: “अमक्यांच्या घरी भांडणं चाललीयत, प्रार्थना कर हं.” तेव्हा प्रेमाने एवढंच विचार, ‘त्यांना विचारून सांगताय ना?’ नसेल, तर तिथेच डोळे मिटून दोघींनी प्रार्थना करा आणि विषय संपवा. बायबलमधलं नीतिसूत्रे 26:20 सांगतं, सरपण नसलं की विस्तव विझतो, तसं चहाडी थांबली की भांडण मिटतं. कुणाशी खटकलंच तर मत्तय 18:15 प्रमाणे त्यांनाच एकांतात भेट. हे जड जातं, तरी कर.

जिभेसारखी वेळही जपायची. विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर मोबाईल चाळण्याआधी नीतिसूत्रांचा एक अध्याय वाच. अध्याय 31 आहेत, महिन्याला पुरतात. ग्रुपवरचे मेसेज रात्री जेवणानंतर बघ.