मातीचे श्रेय मोजताना

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे तक्ते मिळाले. आम्लप्रक्रिया केलेल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीवर ४५० अंश सेल्सिअसला जड तेलाचा बराच भाग हलक्या अंशांत उतरला, याचा आनंद मलाही झाला. परंतु मातीविना घेतलेला एकही प्रयोग त्या तक्त्यांत नाही, आणि माझी हरकत तिथूनच सुरू होते. या तापमानाला जड तेलाचे रेणू नुसत्या उष्णतेनेही तुटतात. म्हणून मातीच्या जागी तेवढ्याच आकारमानाची निष्क्रिय क्वार्ट्झ वाळू भरून, तेलाचा वेग आणि वेळ तोच ठेवून, सगळे मोजमाप पुन्हा कर. बाहेर पडणारा वायूही तपास: उष्णतेने होणाऱ्या भंजनात, म्हणजे रेणू तुटण्यात, मिथेन, इथेन आणि इथिलीन अधिक मिळतात, तर मातीची आम्लता खरोखर काम करत असेल तर तीन-चार कार्बनांचे वायू, विशेषतः प्रोपिलीन आणि आयसोब्युटेन, वाढलेले दिसतात. द्रवाच्या एकूण उताऱ्यापेक्षा मला हा पुरावा अधिक बोलका वाटतो.

आम्लप्रक्रियेत घाई करू नकोस. आम्ल मातीच्या थरांतून मॅग्नेशियम, लोह आणि ॲल्युमिनियम बाहेर काढते, त्यामुळे छिद्रे उघडतात आणि पृष्ठफळ वाढते; पण ते फार वेळ चालू दिले तर हाती जवळजवळ नुसती सिलिका राहते, जिचे पृष्ठफळ मोठे असले तरी आम्लता क्षीण झालेली असते.

१९३० च्या दशकात यूजीन हूड्री यांनी उत्प्रेरकी भंजन, म्हणजे उत्प्रेरकाच्या मदतीने तेलाचे रेणू तोडणे, उद्योगात आणले, ते आम्लप्रक्रिया केलेल्या मातीवरच. पुढे कृत्रिम सिलिका-ॲल्युमिना आणि १९६० च्या दशकात झिओलाइट, म्हणजे ठरावीक आकाराच्या सूक्ष्म छिद्रांचे स्फटिक, आले, आणि माती मुख्यतः उत्प्रेरकाचे कण बांधणाऱ्या केओलिन या पांढऱ्या मातीच्या रूपात राहिली. तरीही तुझा विषय मला मोलाचा वाटतो, कारण वाय प्रकारच्या झिओलाइटच्या छिद्रांची द्वारे सुमारे ०.७४ नॅनोमीटरची असतात आणि जड तेलातील अस्फाल्टीनसारखे मोठे रेणू त्यांत शिरतच नाहीत. थर एकमेकांपासून दूर राहावेत म्हणून त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाचे खांब उभारलेल्या मातीतही थरांमधील मोकळी जागा साधारण ०.८ ते ०.९ नॅनोमीटरच असते, म्हणून मोठ्या रेणूंसाठी खरा आधार थरांच्या विस्कळीत रचनेतून तयार झालेल्या मोठ्या छिद्रांचा आहे. छिद्रांच्या आकाराचे वितरण दाखवल्याशिवाय ‘खांब घातले म्हणून उतारा वाढला’ असे लिहू नकोस.

सर्वांत कठीण परीक्षा वापरानंतरची. उत्प्रेरकावर साचलेला कोक, म्हणजे कार्बनयुक्त थर, जाळताना उत्प्रेरकाला सुमारे ७०० अंश तापमान आणि वाफ सोसावी लागते, आणि खांबांच्या मातीची रचना नेमकी तिथेच कोसळते. शिवाय तेलातील निकेल हायड्रोजन आणि कोक वाढवते, व्हॅनेडियम रचना पोखरते, आणि मातीतले स्वतःचे लोह गंधकयुक्त तेलासोबत कोक वाढवू शकते. तेव्हा ताज्या नमुन्याचे आकडे बाजूला ठेव. नमुना आधी वाफेत तापव, मग त्याचे पृष्ठफळ, आम्लता आणि उतारा मोज, आणि प्रत्येक प्रयोगात वायू, द्रव व कोक यांची बेरीज मूळ तेलाच्या वजनाशी जुळवून पाहा.

वाळूचे आकडे आधी पाठव. वाफवलेल्या मातीचे त्यांच्या शेजारी ठेवूनच आपण पुढचे बोलू.