नवा कूलर घ्यावा, की जुनाच उघडावा?

प्रश्न : आमच्याकडे पत्र्याचा जुना डेझर्ट कूलर आहे. यंदा एप्रिलच्या तोंडावर ताट्या बदलून तो सुरू केला, तर पंखा नुसताच गुणगुणत राहिला, फिरेना. मुलगा म्हणाला, नवा घेऊन टाकू. मी प्लग काढून कंडेन्सर बदलला आणि पंखा फिरू लागला. त्याचा मला इतका आनंद झाला, की घरचे हसतात आणि कंजूष म्हणतात. त्यांचे खरे आहे का? आणि घरी काय उघडावे, काय उघडू नये?
– एक निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : पैसाच वाचवायचा असता, तर मेकॅनिकला बोलावूनही तो वाचलाच असता, कारण कंडेन्सर ही काही महागाची वस्तू नव्हे. तुमचा आनंद बिघाडाचे कारण सापडल्याचा आहे. घरगुती विजेवर चालणाऱ्या या मोटरीला एकाच वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) बळावर सुरुवात करता येत नाही. कंडेन्सरमुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या किंचित पुढे राहतो आणि या फरकातून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होऊन पंख्याला पहिला जोर मिळतो. कंडेन्सर अशक्त झाला, की मोटर गुणगुणते, तापते, पण जागची हलत नाही, आणि पाते ढकलले तर मात्र फिरू लागते. (चालू कूलरमध्ये हात घालून ते ढकलणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत, कृपया त्यांच्यात सामील होऊ नका.)

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन एरिली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की स्वतः जुळवलेल्या वस्तूला माणसे अधिक मोल देतात, मात्र काम अर्धवट राहिले तर हे वाढीव मोल उरत नाही. मला यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तुमच्या माळ्यावर उघडून ठेवलेले दोन-तीन मिक्सर पडून असतील, तर घरच्यांचे हसणे रास्तच आहे.

थोडे श्रेय कूलरलाही द्यायला हवे. विदर्भातला पत्र्याचा कूलर उघड्या स्क्रूंनी जोडलेला असतो आणि त्याची मोटर, पंप, ताट्या इतवारी-सीताबर्डीत सुट्या मिळतात. याउलट डिंकाने चिकटवलेला मोबाइल उघडायचा म्हटले तरी धाकधूक होते. वस्तू टिकू नये अशी योजना जुनीच आहे : १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून बल्बचे आयुष्य हजार तासांपुरतेच ठेवण्याचे ठरवले होते. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ती या प्रवृत्तीला आवर घालण्यासाठीच. पण सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळाल्या, तरी उघडण्याची हौस ज्याची त्यालाच असावी लागते.

आता मर्यादेचे. मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडू नये, कारण त्यातला कंडेन्सर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतो. एसीचा गॅस आणि स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर यांच्याही वाटेला जाऊ नये. मोटरीला जळका वास येत असेल, तर काम वाइंडिंगवाल्याचे आहे. कूलरच्या बाबतीत सर्वांत आधी अर्थिंग तपासून घ्यावे. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आल्यामुळे शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा बसवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच (हे त्याच्या क्षमतेचे माप) घ्यावा, मोठा घातल्याने पंखा जोरात फिरतो हा समज चुकीचा असून त्याने मोटर तापते.

मुलाशी वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे बोअरचे पाणी असेल, तर हंगामाच्या मध्यावर क्षार साचून पंप अडकण्याची शक्यता आहे. प्लग काढून पंप बाहेर घ्यावा, खालची जाळी उघडावी आणि आतले छोटे चक्र लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावे. क्षार बहुधा सुटतो. ते काम त्याला करू द्या, तुम्ही शेजारी बसा.