सांगाड्याखालच्या मातीतली अंडी त्याच माणसाच्या पोटातली कशावरून?

तुमची शंका रास्त आहे: उत्खननात मिळालेल्या जुन्या सांगाड्याची आतडी कधीच कुजून गेली, मग त्यातले जंत सापडतात कसे? आणि सापडले तरी ते आजूबाजूच्या मातीतून आलेले नाहीत कशावरून?

पहिल्याचं उत्तर सोपं. जंत सहसा टिकत नाहीत, त्यांची अंडी टिकतात; कवच फार चिवट असतं. पोट कुजलं की आतलं सगळं त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर, बसतं. तिथली चिमूटभर माती ट्रायसोडियम फॉस्फेटच्या ०.५ टक्के द्रावणात भिजवायची आणि आधी १६०, मग २० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायची. खडे-मुळं वरच्या जाळीत अडकतात, चिकणमाती वाहून जाते, अंडी खालच्या जाळीवर राहतात. चाबूककृमी या आतड्यातल्या जंताचं अंडं एकदा पाहिलं की विसरता येत नाही. लिंबाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बुचं, लांबी जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग.

दुसरा प्रश्न मात्र जुन्या जंतांचा माग काढायच्या या विद्येचा कणा आहे. २०१२ मध्ये लेस्टरला वाहनतळाखाली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड सापडला. त्याच्या त्रिकास्थीजवळच्या मातीत गोलकृमींची (हेही आतड्यातले जंत) भरपूर अंडी होती, कवटीजवळच्या मातीत एकही नाही, आणि थडग्याबाहेरच्या मातीत अगदी तुरळक. राजाच्या पोटात जंत होते, हे या तुलनेमुळेच ठामपणे म्हणता आलं. नुसती त्रिकास्थीची माती तपासली असती तर मी तरी तो निष्कर्ष मान्य केला नसता. डुकरांच्या गोलकृमीची अंडी माणसांच्या गोलकृमीच्या अंड्यांसारखीच दिसतात, हेही ध्यानात ठेवा.

कधी कधी जागाच साक्ष देते. चीनमध्ये दुनहुआंगजवळ, रेशीम मार्गावरच्या शुआनछुआनझी या सुमारे २००० वर्षं जुन्या टपालचौकीच्या शौचकूपात कापड गुंडाळलेल्या काड्या मिळाल्या. शौचानंतर पुसायच्या. कापडावर विष्ठा अजून चिकटलेली, आणि तिच्यात यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी! हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि माशांवाचून वाढतच नाही. दुनहुआंग म्हणजे कोरडं वाळवंट. आज हा रोग मुरलेला प्रदेश तिथून सुमारे १५०० किलोमीटर लांब. म्हणजे कोणीतरी तिकडे कच्चा मासा खाऊन, पोटात रोग घेऊन एवढी वाट तुडवत आला होता.

तुम्ही पुढच्या महिन्यात उत्खननाला निघालाच आहात, तर एकच कळकळीची विनंती. फोटोसाठी सांगाडा झाडून लख्ख करायच्या आधी त्रिकास्थीची माती काढून घ्या. कवटीजवळची आणि खड्ड्याबाहेरची वेगळ्या पिशव्यांत भरा, प्रत्येक वेळी चमचा पुसा, आणि कोणती पिशवी कुठली ते तिथेच लिहा. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर नको.